दहा बाय बाराच्या खोलीत डग्गा खरा ऐकू यावा म्हणून: स्टुडिओ मॉनिटर कसे निवडावेत

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की मिक्स (सगळे ट्रॅक जुळवून केलेलं गाणं) घरी भरदार वाटतो, पण मित्राच्या गाडीत लावला की डग्गा एकतर नुसता घुमतो नाहीतर गायबच असतो. मग दोष स्पीकरच्या, म्हणजे स्टुडिओ मॉनिटरच्या, माथी मारला जातो. पाच इंची जाऊन आठ इंची येतात आणि तक्रार तशीच राहते, फक्त आवाज वाढतो. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमधली बेडरूम दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा फुटांची. चारी बाजूंना प्लॅस्टरच्या कडक भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका अंगाला कपाट आणि दुसऱ्या अंगाला बाल्कनीची सरकती काच. अशा खोलीत खर्जाचं, म्हणजे खालच्या जाड आवाजाचं, जे काही कानावर पडतं, त्यात स्पीकरपेक्षा खोलीचा वाटा मोठा असतो. म्हणून पाकीट काढण्याआधी मोजपट्टी काढा.

आधी खोलीचा हिशेब

ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. समोरासमोरच्या दोन भिंतींतलं अंतर मीटरमध्ये मोजा, दुप्पट करा आणि ३४५ ला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे त्या दिशेला खोली ज्या फ्रिक्वेन्सीला पहिल्यांदा घुमते ती. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५७ हर्ट्झ. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. छत साडेनऊ फुटांवर असेल तर साधारण ६० हर्ट्झ. याच आकड्यांच्या दुपटीलाही खोली घुमते: ९४, ११३, ११९.

आता हे आकडे वाद्यांशेजारी ठेवा. डग्ग्याचा तळ साधारण ७० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईच्या तानपुऱ्याची १०४ वर. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ४१. म्हणजे या खोलीत ६० च्या वर आणि ९४ च्या खाली आधार देणारं फारसं काही नाही आणि ९४ ते ११९ मध्ये मात्र गर्दी आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून मींड काढली की स्वर वर चढतो, आणि चढताना मध्येच फुगतो, मध्येच बसतो. वादकाने तसं वाजवलेलं नसतं. तुम्ही मात्र ते खरं मानून ईक्यू (ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) लावता, आणि गाडीत तो ईक्यू उघडा पडतो.

हे कानाने तपासता येतं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टोन जनरेटर घ्या, साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीचा साधा सूर) लावा आणि ४० पासून १५० हर्ट्झपर्यंत पाच-पाच हर्ट्झने चढत जा. कोणता आकडा अंगावर येतो आणि कोणता नाहीसा होतो ते कागदावर लिहा. हातात असतील त्या स्पीकरवर, अगदी उसने आणलेल्यांवरही, हे जमतं. आवाज बेताचा ठेवा. लहान वूफर (स्पीकरमधला खर्ज वाजवणारा मोठा गोल भाग) खर्जाच्या सलग सुराने लवकर दमतो. हा कागद दुकानात जाताना खिशात असू द्या.

घरात दोन खोल्यांपैकी एक निवडायची असेल तर लांबट निवडा. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत ५७ हर्ट्झ दोन्ही दिशांना येतो, त्यात छताचा ६० मिसळतो, आणि तिघं मिळून एकाच जागी गोंधळ घालतात.

किती इंची?

दहा बाय बारापर्यंतच्या खोलीला ५ इंची वूफर पुरतो. आठ इंची स्पीकर ४७ आणि ५७ हर्ट्झला जोरात हवा ढकलतो, म्हणजे खोलीचा नेमका दुखरा भाग दाबतो. शिवाय मोठा वूफर आणि ट्विटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग) यांचा आवाज एकजीव व्हायला थोडं अंतर लागतं आणि तेवढं मागे सरकायला इथे जागा नसते. खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवतील ते वेगळंच. बारा बाय पंधराची खोली असेल, सव्वा-दीड मीटरवर बसता येत असेल, तर साडेसहा इंचीचा विचार जरूर करा.

उलट्या टोकाला साडेतीन इंची स्पीकर आहेत. संवाद, पॉडकास्ट, व्हिडिओ एडिटिंगसाठी ते उत्तम. पण प्रीसोनस एरिस ई३.५ ची तळाची मर्यादा कंपनीच ८० हर्ट्झ सांगते. काळी एकचा खर्ज त्यात मुळातून नाही. जो ऐकू येतो तो वरच्या स्वरांशांवरून मेंदूने भरून काढलेला असतो. शास्त्रीय गाण्याचं काम असेल तर यावर थांबू नका.

पत्रकावरचा आकडा वाचताना शेजारी किती डेसिबल लिहिलंय ते बघा. यामाहा एचएस५ चा तळ ५४ हर्ट्झ छापतात, पण तो उणे १० डेसिबलला. उणे ३ डेसिबलला तोच तळ ७४ हर्ट्झ आहे. दोन्ही आकडे खरेच, उपयोगाचा दुसरा. एचएस७ साठी हीच जोडी ४३ आणि ५५, एचएस८ साठी ३८ आणि ४७. एका कंपनीचा उणे १० चा आकडा दुसरीच्या उणे ३ शी लावून तुलना केली की हमखास फसगत होते. डेसिबलचा उल्लेखच नसेल तर तो आकडा जाहिरातीपुरता धरा.

वॅटबद्दल थोडक्यात: एक मीटरवर बसणाऱ्याला ५०-७० वॅट रग्गड झाले. पॉवर दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो.

एचएस मालिकेचा पांढरा वूफर बघून अनेकांना जुना एनएस-१० आठवतो. तो १९७८ मध्ये घरगुती हाय-फाय स्पीकर म्हणून आला, मग जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंग टेबलवर जाऊन बसला आणि २००१ मध्ये बंद झाला. त्यात खर्ज फार नव्हता आणि मधला पट्टा तीक्ष्ण होता, म्हणून त्यावर आवाजातले दोष लपत नसत. पांढरा रंग म्हणजे तोच आवाज, असं मात्र नाही.

दुकानात बघायच्या गोष्टी

मॉनिटर बहुधा नगावर विकले जातात. ऑनलाइन दिसणारी किंमत एका नगाची की जोडीची, हे पैसे भरण्याआधी दोनदा वाचा. छोटे मॉडेल जोडीने येतात, पाच इंचीपासून पुढे बरेचसे एकेक. दोन्ही नग एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या. बिलावर दोघांचे सिरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात. कोणी परदेशातून आणून देणार असेल तर मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचाच नग आपल्या २३० वर लावला तर गाणं सुरू होण्याआधीच संपतं.

पोर्ट म्हणजे हवा बाहेर सोडायचं भोक पुढे आहे की मागे, ते बघा. मागे असेल तर भिंतीपासून किमान १०-१५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. टेबल भिंतीला टेकलेलंच राहणार असेल तर पुढचा पोर्ट सोयीचा. काली एलपी-६ मध्ये तो पुढे आहे, पण तो साडेसहा इंची आहे हेही लक्षात घ्या. पोर्टमुळे लहान डब्यातून जास्त खर्ज निघतो, पण त्याच्या फ्रिक्वेन्सीजवळ आवाज थोडा रेंगाळतो. दुकानात डग्ग्याचा एकच बंद बोल वाजवून बघा. ‘क’ तिथल्या तिथे तुटला पाहिजे. त्यामागे हवेची शेपटी ऐकू आली तर ती पोर्टची.

जोडणीसाठी एक्सएलआर किंवा टीआरएस बॅलन्स्ड इनपुट (केबलमध्ये शिरणारी बाहेरची गुणगुण टाळणारी जोडणी) हवंच. मागे खर्ज आणि वरचे स्वर कमी-जास्त करायच्या कळा असाव्यात. लहान खोलीत खर्जाच्या कळेची गरज पडतेच. ब्लूटूथ असणं-नसणं मिक्सिंगच्या दृष्टीने बिनकामाचं, कारण त्यातून आवाज उशिरा येतो. घरातला टू-पॉइंट-वन होम थिएटर वापरू नका. त्यातले छोटे स्पीकर जिथे सोडतात आणि सबवूफर जिथे धरतो, त्या सांध्यावरच डग्ग्याचा वरचा भाग आणि पुरुषाच्या आवाजाचा तळ येतो.

ऐकायला जाताना तीन-चार ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये न्या. एक नुसता तानपुरा, एक विलंबित ख्याल, एक ढोलकी-संबळ असलेलं गाणं आणि एक स्वतःचा फसलेला मिक्स. यूट्यूबवरून ऐकू नका. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या, कारण एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो आणि विक्रेत्यांना हे चांगलंच ठाऊक असतं. मग क्रम असा ठेवा. आधी एकच स्पीकर मोनोमध्ये लावून गाणाऱ्याचा आवाज ऐका. नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतो का? मग तानपुऱ्याची जवारी ऐका. चांगल्या ट्विटरवर स्वरांश एकेक करून उलगडतात, वाईट ट्विटरवर नुसती झणझण होते. मग जोडी लावून डोकं वीतभर डावी-उजवीकडे हलवा. गायक लगेच एका बाजूला पळत असेल तर ऐकायची जागा फार अरुंद आहे. शेवटी काहीही न वाजवता ट्विटरजवळ कान न्या. काही स्वस्त मॉडेल्सचा ‘स्स्स’ दुकानाच्या गलबल्यात कळत नाही. रात्री अकराला एक मीटरवरून तो टोचतो.

खर्जाचा निकाल मात्र दुकानात लावू नका. ती खोली वेगळी. शक्य असेल तर परत घेण्याची मुदत विचारून घरी आणा आणि खिशातल्या कागदावरची साइन वेव्हची फेरी पुन्हा करा. दहा बाय बाराच्या खोलीत बसून जमलेला पाच इंची हा दुकानात जिंकलेल्या आठ इंचीपेक्षा जास्त कामाचा असतो.

मांडणी, मोजपट्टी हातात धरून

खोली १० बाय १२ फूट धरू. स्पीकर १० फुटी भिंतीसमोर येऊ द्या, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल. भिंतीचा मध्य काढून खूण करा. दोन्ही स्पीकर मध्यापासून साडेसत्तावन्न सेंटिमीटरवर, म्हणजे एकमेकांपासून १.१५ मीटरवर. मागे १५ सेंटिमीटर सोडा. स्पीकरचा डबा साधारण २२ सेंटिमीटर खोल धरला तर वूफर भिंतीपासून ३७ सेंटिमीटरवर येतो. समभुज त्रिकोण पुरा केला की डोकं भिंतीपासून १३७ सेंटिमीटरवर. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं असा एक ठोकताळा आहे. १२ फुटांचे ३८ टक्के होतात १३९. दोन्ही जमले. खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची ठेवू नका, तिथे ४७ हर्ट्झचा खड्डा असतो. मागच्या भिंतीला टेकूनही बसू नका; तिथे सगळाच खर्ज फुगतो.

स्पीकर भिंतीपासून लांब ओढावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. लहान खोलीत तो अर्धवट लागू पडतो. वूफरपासून स्पीकरमागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये घेऊन त्याच्या चौपटीने ३४५ ला भागा. साधारण त्या फ्रिक्वेन्सीला परतणारा आवाज मूळ आवाजाला खातो. ३७ सेंटिमीटरला हे उत्तर २३३ हर्ट्झ येतं आणि भिंतीवर आवाज शोषणारं जाड पॅनल लावून ते आवरता येतं. वूफर भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर येईल एवढा स्पीकर पुढे ओढला तर उत्तर १०८, बरोबर डग्ग्यावर! तिथे पॅनलचं फारसं चालत नाही. म्हणून एकतर भिंतीजवळ राहा, नाहीतर दोन मीटर दूर जा, अधलंमधलं टाळा. भिंतीजवळ राहिल्याने खर्ज थोडा वाढेल, तो मागच्या कळेने उतरवा. एचएस५ ला ही कळ ५०० हर्ट्झखाली ०, −२, −४ डेसिबल अशी आहे. −२ पासून सुरुवात करा.

ट्विटर कानाच्या उंचीवर. खुर्चीत बसून जमिनीपासून कानापर्यंत मोजा. समजा ११५ सेंटिमीटर आलं आणि स्पीकरच्या तळापासून ट्विटरचा मध्य २२ वर आहे, तर स्टँडचा माथा ९३ ला हवा. तयार स्टँड महाग वाटले तर कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या: दोन बाय दोन इंची चौकोनी एमएस पाइप, खाली १० बाय १२ इंची, ६ मिलिमीटर जाडीची प्लेट, वर ७ बाय ९ इंची प्लेट. पाइपमध्ये चाळलेली वाळू भरा, पण आधी ती उन्हात किंवा कढईत खडखडीत वाळवा. ओली वाळू आतून गंज आणते, आणि पावसाळ्यात घेतलेली वाळू ओलीच असते. वर दोन सेंटिमीटरचं रबर किंवा जाड योगा मॅटचा तुकडा ठेवा आणि ती जाडी ९३ मध्येच धरा. टेबलावर थेट ठेवलेला स्पीकर टेबलालाही वाजवतो, आणि टेबलावरून उसळणारा आवाज गाण्याचा मधला पट्टा गढूळ करतो.

डावी-उजवी बाजू सारखी ठेवणं फ्लॅटमध्ये सर्वांत अवघड जातं. एकीकडे काच, दुसरीकडे कपाट. काचेवर जाड पडदा दुणीने लावा आणि कपाटाच्या दारावर पॅनल टांगा. पॅनल नेमकं कुठे, हे आरसा सांगतो. तुम्ही खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कोणाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्विटर दिसला की तिथे खूण. छतालाही हेच करा.

पॅनल: स्पीकरइतकेच महत्त्वाचे

एकूण पैशांतला पाव हिस्सा यासाठी बाजूला काढा, स्पीकर एक पायरी स्वस्त घ्यावे लागले तरी. सहा पॅनलचं सामान असं: घनमीटरला ४८ किलो घनतेचं, ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडी लोकर), दोन बाय चार फुटांचे १२ तुकडे (प्रत्येक पॅनलमध्ये दोन थर), चार बाय एक इंची लाकडी पट्टी साधारण ७२ फूट, वरून मांजरपाट. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये कापून मिळतं. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तरच घ्या, रेक्झिनसारखं चालत नाही. रॉकवूल हाताळताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. दोन पॅनल बाजूच्या खुणांवर, दोन स्पीकरमागे, दोन पुढच्या कोपऱ्यांत तिरकी. छताच्या खुणेसाठी सातवं जमलं तर फारच छान. भिंतीला चिकटवण्याऐवजी पाच सेंटिमीटर अंतर सोडून टांगा, म्हणजे तेवढ्याच मालात आणखी खालपर्यंत काम होतं आणि पावसाळ्यात मागे बुरशी धरत नाही.

एवढं जमत नसेल तर कापसाच्या जुन्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा. दिसायला वाईट, कामाला चांगल्या. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. त्यांनी वरचा पट्टा थोडा मरतो आणि खर्ज तसाच घुमत राहतो, म्हणजे खोली आधीपेक्षा जास्त खोटं बोलते. पातळ, टोकदार स्पंजचंही तेच.

मापन करायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मिनीडीएसपीचा यूएमआयके-१ सारखा मापनाचा माइक थेट यूएसबीला लागतो. आलेखातले उंचवटे ईक्यूने कापता येतात. खड्डे भरायला जाऊ नका. तिथे दोन लाटा एकमेकींना खात असतात. तुम्ही आवाज वाढवला की दोन्ही वाढतात आणि खड्डा जागेवरच राहतो, फक्त वूफर दमतो.

वीज आणि आवाजाची पातळी

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून किर्र किंवा हूं येतो. ५० आणि १०० हर्ट्झचा हूं बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून येतो. लॅपटॉप, इंटरफेस (माइक आणि मॉनिटर लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि दोन्ही मॉनिटर एकाच तीनपिनी एक्स्टेंशनवर आणा, केबल बॅलन्स्ड वापरा. त्याने बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर आधी सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरी पिन पुष्कळदा नुसती शोभेला असते. पिन कापून हूं घालवायचा उपाय करू नका, तो जिवावर बेततो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वीज आली की किरकिर येणारच. त्या वेळात मिक्स बंद, फाइल सेव्ह.

चालू करताना इंटरफेस आधी, मॉनिटर शेवटी; बंद करताना मॉनिटर आधी. उलट केलं की ‘धप्’ येतो, आणि तो ट्विटरच्या वाट्याला जातो.

पातळी ठरवायला −२० डेसिबलचा पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला तपासणीचा ‘शूऽऽ’ आवाज) एका वेळी एकाच स्पीकरवर लावा आणि खुर्चीतल्या डोक्याच्या जागी मोबाइलवरच्या मीटरने सी-वेटिंग, स्लो या सेटिंगवर ७३ ते ७६ डेसिबलच्या दरम्यान आणा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की इंटरफेसच्या बटणाशेजारी मार्करने रेघ मारा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो (फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये हे वक्र काढून दाखवले), त्यामुळे रात्री हळू मिक्स करणारा माणूस डग्गा चढवून ठेवतो. रेघ असली की निदान रोजची फूटपट्टी एक राहते.

मिक्स झाल्यावर मोबाइलच्या स्पीकरवर मोनोमध्ये ऐका. त्यात साधारण २०० हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच येत नाही. डग्गा साफ गेला असेल तर तळ वाढवू नका, २०० ते ४०० मधला त्याचा कातड्याचा आवाज थोडा पुढे आणा. ५० हर्ट्झखाली काय चाललंय ते हेडफोनवर तपासा, पाच इंचीवर ते कळायचं नाही.

आणि आषाढ-श्रावणापासून गणपतीपर्यंत संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू असतो. मुठेच्या आसपास राहत असाल तर दारं-खिडक्या लावूनही तो खर्ज आत येतो. त्या दोन-तीन तासांत रेकॉर्डिंगच्या पट्ट्या कापणं, श्वास काढणं, ट्रॅकना नावं देणं उरकून घ्या. डग्ग्याच्या ईक्यूला हात लावायचा तो सराव थांबल्यावर.